चार तारांची बेस

रतन गेल्याचं मला दुकानात कळलं. ऐन लग्नसराई होती. समोर गादीवर नवरीकडची आठ-दहा माणसं बसलेली आणि मी कितवा तरी शालू उलगडत होतो. शेजारचा एसटीडी बूथवाला दारात येऊन म्हणाला, "वसंतराव, भवानीनगरवरनं फोन हुता. तुमचे ते गिटारवाले... सकाळी गेले म्हणं." मी "बरं" म्हणालो. शालूची घडी घातली, दुसरा उघडला, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवला. आणि त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं लिहिणं खोटं ठरेल. मनात आलं, बोलायला मलाच उभं करणार. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईल, माइक माझ्याकडं येईल, तर सुरुवात कशी करायची? पदरावरचे मोर दाखवता दाखवता मी दोन वाक्यं जुळवलीसुद्धा. बरी होती. रतनला कावीळ झाली होती. अकरा दिवस तो बारामतीतच दवाखान्यात होता, आमच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. मी एकदाही गेलो नाही. गर्दी आहे, जाऊ उद्या, असं घरात रोज सांगत होतो... ते कारण खरं नव्हतं. खरं कारण सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी दिवसा पेठेतल्या कापड दुकानात सेल्समन आणि संध्याकाळी आमच्या ऑर्केस्ट्राचा निवेदक. दोन्हीकडं धंदा एकच, तोंडाचा. आम्ही सातजण होतो, एक जीप होती, तिच्या टपावर स्पीकरची खोकी बांधून आम्ही बारामती आणि इंदापूर तालुक्यातली लग्नं, जत्रा, गणपती, जयंतीचे कार्यक्रम करत हिंडायचो. रतन भवानीनगरला कारखान्यात वायरमन होता. मूळ गाव पळसदेवच्या बाजूला. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलेलं, त्यामुळं "गाव कुठलं?" म्हटलं की तो पाण्याकडं हात करायचा. शिडशिडीत, काळासावळा, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. गावातल्या गायन पार्टीत ढोलकी वाजवता वाजवता त्याला कुणीतरी बेस गिटार दाखवली आणि हा बाबा तिच्यामागंच लागला. पहिली काही वर्षं त्यानं मागून आणलेल्या, तार एक असली तर दुसरी नसलेल्या गिटारीवर काढली. जीपमध्ये सगळे गप्पा मारायचे आणि हा गुडघ्यावर बोटं चालवत बसायचा. आम्ही त्याला म्हणायचो, रतन, गुडघ्याला खरूज झालीय का रे?

मग त्याला ती गिटार मिळाली. नव्वद सालाच्या अलीकडचीच गोष्ट. पुण्याच्या कॅम्पात एक गोव्याचे म्हातारे वादक राहायचे. सगळं आवरून परदेशी मुलीकडं निघाले होते आणि त्यांची अमेरिकन बेस विकायची होती. मी रतनच्या सोबत गेलो होतो, भाव करायला. भाव करायची वेळच आली नाही. म्हाताऱ्यांनी पेटी उघडली. आत लाल मखमल आणि तिच्यावर गुळाच्या ढेपेच्या रंगाची ती गिटार. एका अखंड लाकडाची, हातात घेतली तर चांगली वजनदार. रतननं पाच मिनिटं वाजवली. म्हाताऱ्यांनी उठून ॲम्प्लिफायरच बंद केला आणि म्हणाले, आता वाजव. रतन आवाज नसलेल्या तारांवर अर्धा तास वाजवत होता आणि म्हातारे नुसते त्याच्या बोटांकडं बघत होते. कान काही कामाचेच नाहीत असं. शेवटी त्यांनी पेटी बंद करून रतनच्या मांडीवर ठेवली. आमच्या आधी दोन जण जास्त पैसे घेऊन येऊन गेले होते, त्यांना त्यांनी दिली नव्हती. परत येताना रतन मला म्हणाला, "हात बघून दिली रं त्यांनी." एवढंच. स्वारगेटपासून बारामतीपर्यंत हेच वाक्य त्यानं तीनदा म्हटलं असेल.

त्या गिटारीचे लाड बघून आम्ही वैतागायचो. जीपमध्ये सगळ्यांचे पाय अवघडलेले आणि ती पेटी मात्र आडवी, रतनच्या मांडीवर. तिला पुसायला त्याच्याकडं सुमनवहिनींच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा होता, तो रोज धुतलेला असायचा. बेसच्या तारा जाड आणि महाग. त्या बद्द वाजायला लागल्या की हा काढायचा आणि चहाच्या पातेल्यात उकळायचा. खरंच उकळायचा, बटाटे उकळावेत तशा. मळ निघून तार पुन्हा बोलायला लागते म्हणे. सुमनवहिनी म्हणायच्या, "भावजी, आमच्यात पाव्हण्याला चहा प्यायचा आसंल तर आदी इचारावं लागतंय, आज तारा शिजल्यात का." आम्ही हसायचो, तोही हसायचा. हसणं हे रतनला कधी जड गेलं नाही, असं मी समजत होतो.

आता माझ्या विनोदाकडं येतो. बेस ही अशी चीज आहे की ती वाजत असताना सामान्य माणसाला ऐकू येत नाही आणि थांबली की गाणं एकदम पोकळ होतं. लोकांना गायिका दिसते, ढोलकी कळते. बेसवाला कोपऱ्यात ड्रमच्या शेजारी उभा. वादकांची ओळख करून देताना त्याच्यावर बोलायला मला काही सापडेना. मग एकदा भिगवणला सहज बोलून गेलो आणि मंडप पडायचा बाकी राहिला. तेव्हापासून बारा वर्षं तेच. "आणि हे आमचे रतन! हातात काय आहे? बेस आहे. बेस म्हणजे आपल्याकडं चांगलं. पण त्यात चांगलं काय आहे ते मला अजून ऐकू आलेलं नाही. रतन, आहे का हो तुमची चालू?" लोक हसायचे आणि त्या हसण्यातच रतन सगळ्यात जाड तार एकदा छेडायचा. एकच सूर. पायाखालची फळी थरथरायची. लोक आणखी हसायचे, टाळ्या पडायच्या. काय टायमिंग होतं त्याचं! मला वाटायचं, माझ्या विनोदाला याच्याइतकी साथ कुणी देत नाही. लोकांनाही ते इतकं पाठ झालं, की पुढंपुढं मी नुसतं "आणि हे आमचे रतन" म्हटलं तरी मागच्या रांगांतून हसू यायचं.

मग आमच्याकडं नवा कीबोर्ड आला. तुम्ही लग्नात पाहिला असेल. एक बटण दाबलं की ताल सुरू होतो, आणि डाव्या हातानं दोन पट्ट्या धरल्या की आतल्या आत बेससुद्धा वाजते. मशीनची ती बेस, ऐकायला डबा बडवल्यासारखी, पण मी मघाशी म्हटलं तसं, लोकांना कुठं कळतं? जीपमधली एक जागा वाचणार होती. ऑर्केस्ट्रात माझी भागी होती आणि रतनला सांगायचं काम माझ्याकडं आलं. तोंडावर सांगायची मला लाज वाटली. म्हणून मी ते स्टेजवरून सांगितलं. इंदापूरला एका लग्नात, हजारभर माणसांसमोर. "आता आमचं मशीनच बेस वाजवतं, त्यामुळं रतन आजपासून फक्त फोटोपुरते!" माणूस लाजला की असं काहीतरी करतो, निदान मी तरी करतो. लोक हसले. रतननं त्या दिवशी सूर काढला नाही. कार्यक्रम मात्र त्यानं शेवटपर्यंत वाजवला, आवाज उतरवून, स्वतःपुरता.

पंधरा दिवसांनी तो दुकानात आला. मागच्या बाजूला, जिथं आम्ही डबे खातो तिथं बसला आणि म्हणाला, "वसंता, गिऱ्हाईक बघ. कपाटावर ठिवून ती खराब व्हायची." मी म्हणालो, ठेव रे, कधीतरी लागेल. तो म्हणाला, "न्हाय. वाजती ऱ्हायली तर बरी ऱ्हाती ती. पर येक हाय, वाजवणारा पायजे. शोकेसला लावणारा नको. मला हात बघून दिली, मी बी हात बघूनच देनार." अट एवढीच. पैशाचं त्यानं काही म्हटलं नाही. जगात त्याला स्वतःसाठी म्हणून एवढी एकच गोष्ट मागायची होती आणि ती त्यानं माझ्याकडं मागितली.

इंदापूरचे एक ठेकेदार आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. आप्पासाहेब म्हणू त्यांना. मनानं सरळ माणूस, मुलीवर फार जीव. मुलगी पुण्याला कॉलेजात, तिला गिटार हवी होती, कारण टीव्हीवर सगळ्यांच्या हातात गिटार. मी त्यांना पँटपीस दाखवता दाखवता म्हटलं, "आप्पासाहेब, एक बेस गिटार आलीय. अमेरिकेची."

"बेस हाय?"

"बेस हाय."

"न्हाय, म्हंजी पार बेस हाय का? पोरीनं नाव ठिवाया नको."

"आप्पासाहेब, हिच्यापेक्षा बेस गिटार आख्ख्या जिल्ह्यात मिळायची नाही."

त्यांचा गैरसमज माझ्या दुसऱ्याच वाक्याला लक्षात आला होता. बेस हे त्या वाद्याचं नाव आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं मी चांगली म्हणतोय. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मला आतून गुदगुल्या होत होत्या. एकही शब्द खोटा न बोलता गिऱ्हाईक गटवलं, पुढं कधीतरी हा किस्सा काय रंगेल, हे मला तिथंच दिसत होतं. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो. आणि संध्याकाळी रतनला सांगितलं, पुण्याला शिकणारी मुलगी आहे, घरात पहिलंच वाद्य, जपतील. तो म्हणाला, "बेस शिकती का?" मी म्हणालो, "बेस शिकतीय." एकाच शब्दानं मी दोघांनाही फसवलं. कॉलेजात ती बेसच शिकत होती, चांगले मार्क पडायचे.

गिटार द्यायला आम्ही दुपारच्या एसटीनं गेलो. बंगला नवा होता, हॉलमध्ये वेलवेटचा सोफा, काचेचं टीपॉय. रतननं त्यावर पेटी ठेवायच्या आधी खाली आपला रुमाल पसरला, काचेला चरा पडायला नको म्हणून. आप्पासाहेबांनी गिटार उचलली आणि म्हणाले, "जड हाय की!" रतन म्हणाला, "येका लाकडाची हाय, साहेब." मग इकडंतिकडं बघत त्यानं विचारलं, "ताई न्हाईत का घरात?" ताई पुण्याला हॉस्टेलवर होत्या. रतननं माझ्याकडं पाहिलं. हात बघायचे होते त्याला. मी घाईनं म्हणालो, अरे, सुट्टीत येतीलच. त्यानं खिशातून एक कागद काढला. वहीच्या पानावर, सुवाच्य अक्षरात, काय काय करायचं ते लिहून आणलं होतं. उन्हात ठेवू नये, भिंतीला टेकवून उभी करू नये, ओल्या फडक्यानं पुसू नये. सोबत तारांचा एक नवा कोरा संच. तो ते एकेक वाचून दाखवायला लागला आणि मला राहवलं नाही. मी म्हणालो, "रतन, पोरगी नांदायला धाडल्यासारखं काय करतोस? आता साडी-चोळी मागशील!" आप्पासाहेब खळखळून हसले. रतननं कागद अर्ध्यातच घडी केला आणि पेटीत तारांच्या खाली सारून ठेवला.

दीड-दोन महिन्यांनी आप्पासाहेबांचा निरोप आला. गिटार दुरुस्त करून घेतलीय, तुमच्या माणसाला सूर लावायला पाठवा. दुरुस्त? रतन म्हणाला, पडली का काय? लगेच आम्ही इंदापूर गाठलं. आम्ही हॉलमध्ये गेलो तेव्हा मुलगी घरात होती. चांगली, हसरी मुलगी. तीच कौतुकानं सांगायला लागली, "काका, गिटारला सहा तारा असतात ना? हिला चारच होत्या. दोन कुठंतरी पडल्या असणार. पप्पांनी बसवून घेतल्या." गिटार सोफ्याच्या वर भिंतीला लटकवली होती. तिच्या डोक्याला, जिथं तारा पिळायच्या चार चाव्या असतात तिथं, सुतारानं आणखी दोन भोकं पाडली होती आणि त्यात दोन पितळी हुक आवळले होते. झोपाळ्याला असतात तसले. हुकांना बारीक पोलादी तार ताणून बांधली होती. सुतार कसबी असणार, भोकं अगदी एका रेषेत होती. वर सगळ्या गिटारीला सोफ्याच्या लाकडाशी जुळेल असं काळपट पॉलिश. त्या गुळाच्या रंगाचा कुठं मागमूस नव्हता, आणि नव्या भोकापासून खाली मानेकडं एक चीर गेली होती, केसाएवढी.

मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. निदान बाहेर निघून जाणार. त्यानं एक फडकं मागितलं. चावीच्या कडेला लाकडाचा भुसा अडकला होता तो पुसला. मग सोफ्याच्या कडेला बसून त्यानं आधी चार तारा लावल्या, आणि नंतर त्या दोन, सुताराच्या, त्याही लावल्या. कशाशी जुळवल्या देव जाणे. हुक पिळताना चीर उघडझाप करत होती, म्हणून तो अंगठा तिच्यावर दाबून धरत होता. मुलीनं हातात घेऊन झंकार काढला. आप्पासाहेबांनी विचारलं, "कशी झालीय?"

रतन म्हणाला, "बेस झालीय."

आणि मी हसलो. जोरात. आमच्या सवयीच्या जागी तो शब्द आला आणि माझ्या तोंडून हसू बाहेर पडलं. त्या घरात कुणालाच कळलं नाही मी का हसलो. एका माणसाला कळलं. तो खाली बघून फडक्याची घडी घालत होता.

परतीच्या एसटीत त्यानं विचारलं, "तुला म्हाईत हुतं? चांगली समजून घेत्यात ते?" मी म्हणालो, "अरे, गंमत झाली थोडी..." तो "व्हय" म्हणाला. भवानीनगरला उतरला. खिडकीतून मी हात केला, त्यानंही केला. मी समाधानानं सीटवर मागं टेकलो. चला, रागावला नाही.

हे इथंच थांबलं असतं तरी मी दवाखान्यात जाऊ शकलो असतो. पण किस्सा हातात आला होता आणि मी बोलून पोट भरणारा माणूस. वर्षभर तो मी पोटात ठेवला, मग हळूहळू स्टेजवर काढायला लागलो. नावं न घेता, एक ठेकेदार, एक गिटारवाला, बेस हाय का, बेस हाय. भोकं, झोपाळ्याचे हुक, सगळं. माझ्या उभ्या आयुष्यात एवढा हशा मला कशाला मिळाला नाही. दोन तालुक्यांत लोक फर्माईश करायचे, तो बेसचा सांगा. पळसदेवला एका लग्नात असाच रंगात येऊन सांगत होतो. समोर उजनीचं पाणी, उन्हाळ्यानं मागं हटलेलं, वारा छान सुटलेला. सांगता सांगता तिसऱ्या रांगेत नजर गेली. रतन, सुमनवहिनी आणि त्यांची मुलगी शीतल. त्याच्याच भावकीतलं लग्न होतं, मला कल्पना नव्हती. तेव्हा थांबायला हवं होतं. पण लोक हसायला लागले होते, आणि हसणाऱ्या लोकांना मध्येच सोडणं मला कधी जमलेलं नाही. मी शेवटपर्यंत सांगितलं. शेवटी सुतार आणि आप्पासाहेबांच्या संवादाची जोड द्यायचो, तीही दिली. शेजारचा एक म्हातारा रतनच्या पाठीवर थापा मारत हसत होता. सुमनवहिनी शीतलला घेऊन उठून गेल्या. रतन बसून राहिला.

जेवणं झाल्यावर तो माझ्याजवळ आला. मी माफीच मागणार होतो. तसं तोंड उघडलंही होतं. तो शांतपणे म्हणाला, "शेवट लांबला जरा. हुक म्हनलास, तितंच थांबायचं." बस. पाणी प्यायला आणि गेला. आमचं शेवटचं बोलणं ते. आता माझी लायकी किती ती ऐका. पुढच्या कार्यक्रमापासून मी हुकपाशी थांबायला लागलो. हशा वाढला.

म्हणून मी दवाखान्यात गेलो नाही. त्या पलंगावरचा पिवळा पडलेला माणूस मला काहीतरी बोलेल ही भीती नव्हती, तो पुन्हा काहीच बोलणार नाही ही होती.

पुण्यानुमोदनाला मी पांढरा शर्ट घालून वेळेवर गेलो. कारखान्याच्या कॉलनीतल्या मैदानात छोटा मांडव होता. बुद्धवंदना झाली, मग एकेकजण उठून आदरांजली वाहत होता. कारखान्यातले फोरमन, गायन पार्टीतले जुने गडी, शाळेचे गुरुजी. सगळे अडखळत, कागद हातात धरून बोलत होते. माझी दोन वाक्यं तयार होती, त्यांची आता दहा झाली होती. सूत्रसंचालन करणारा चिठ्ठी घेऊन माझ्याकडं निघाला, तेवढ्यात सुमनवहिनी बायकांतून उठून माझ्यापाशी आल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, तुमी नका बोलू. तुमी त्यांचं नाव घेतलं की लोक हसत्यात." रागानं नाही म्हणाल्या. पदर सावरत, घरातली एखादी अडचण सांगावी तशा म्हणाल्या. मी मान हलवली. मांडवात नजर फिरवली तर खरंच, मी उठायच्या तयारीत आहे असं पाहून मागच्या दोन-तीन चेहऱ्यांवर ती ओळखीची कळी खुलायला लागली होती... मी बसून राहिलो.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. शीतल टेपरेकॉर्डर घेऊन जमिनीवर बसली होती. आता बारावीला आहे ती. वहिनी म्हणाल्या, एक काम होतं तुमच्याकडं. एका जत्रेला त्यांनी पुढच्या रांगेत बसून आमचा कार्यक्रम कॅसेटवर घेतला होता. रतनच्या वाजवण्याचं घरात एवढंच उरलं आहे. पण गाण्यांत त्याची बेस वेगळी काढून ऐकू येत नाही, सगळ्यांच्यात मिसळलेली. सुटी अशी ती एकाच ठिकाणी ऐकू येते. शीतलनं बटण दाबलं. माझा आवाज आला, "आणि हे आमचे रतन!" चौघी-पाचजणी बायका दारात उभ्या होत्या. आम्ही सगळ्यांनी मिळून माझा तो विनोद पहिल्यापासून ऐकला. हशा उसळला आणि त्यात तो सूर. खोल, गोल, खोलीतल्या भांड्यांना जाऊन लागणारा. शीतलनं लगेच बंद केलं, मागं फिरवलं, परत लावलं.

"तुमचं बोलनं झालं की ते लगीच वाजवायचे," वहिनी म्हणाल्या. "मला म्हनायचे, वाजवलं की हसनं लवकर बंद पडतंय." बारा वर्षं मी त्याला साथ समजत होतो. मग त्यांनी कामाचं सांगितलं. बारामतीत माझ्या ओळखीचा कॅसेट भरून देणारा आहे, तर त्याच्याकडून माझं बोलणं आणि लोकांचं हसणं काढून फक्त तेवढा सूर वेगळा भरून मिळेल का? शीतलला ऐकायचा असतो, रोज.

मी कॅसेट घेऊन आलो. कॅसेटवाल्यानं कानाला हेडफोन लावून चार-पाच वेळा मागंपुढं केलं. म्हणाला, "तुमचं बोलणं कापता येतंय. हसणं न्हाय निघत. लोक हसत असतानाच तार वाजलीय. सूर ठिवला तर हसणं राहणारच, आणि नुसतं हसणंच ठिवलं तर लोक कशाला हसत्यात ते कळायचं न्हाय." मी म्हणालो, सावकाश बघ, घाई नाही. तो म्हणाला, सावकाश बघून बी त्येच हाय. कॅसेट मी दुकानातल्या माझ्या खणात ठेवली. शीतलचा दोनदा फोन आला, "काका, झालं का?" दोन्ही वेळा मी म्हणालो, होतंय.

काल तिसऱ्यांदा आला. बूथवाल्यानं हाक मारली, मी गेलो आणि या वेळी खरं ते सांगितलं, की होत नाही, हसणं निघत नाही.

ती म्हणाली, "तशीच द्या मग, काका. तुमचं तेवढं आमी ऐकून घिऊ."